परसातील खुर्ची



पावसाने पाठ फिरवली, की आमच्या बेळगावकडे परसदारी बसण्याचे दिवस सुरू होतात. कोजागिरीचे दूध परसात आटते, तुळशीचे लग्न परसात लागते, आणि आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतून नाताळची मंडळीही परसातच जमतात. पुढे मे महिन्यात क्रुसापुढची प्रार्थना झाल्यावर उकडलेले चणे वाटले जातात, तेही उघड्यावरच. घरे लहान आणि माणसे पुष्कळ. तेव्हा हे सोयीचे खरे. परंतु पाहुणे यावयाचे म्हणून आठ दिवस आधीपासून घर झाडणारे-पुसणारे आपण, परस मात्र आदल्या दिवशी पाचोळा गोळा केला आणि चार कुंड्यांना गेरू फासला की तयार झाले असे मानतो. आज मला बोलावयाचे आहे ते या समजुतीविषयी. मी शाळेत शिकवते. बागकाम हा माझा विषय नव्हे. मी जे सांगणार आहे ते एका चुकीतून शिकलेले आहे, आणि ती चूकही माझीच आहे.

आमचे परस फार मोठे नाही. सुमारे 30 फूट लांब आणि 22 फूट रुंद. दक्षिणेच्या कुंपणाशी आंबा, एका कोपऱ्यात माड, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळी आणि अळू, आणि मागील दारापाशी आईची जुई. ही जुई आईने लग्नानंतर खानापूरच्या माहेराहून आणली. तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या मामांनी, ती मुळासकट खणून गोणपाटात बांधून दिली होती. त्या भावंडांपैकी आता ही दोघेच उरली आहेत. खानापूर काही दूर नाही. पण वय वाढते तसे कोसही वाढतात. अलीकडे दोघांची भेट व्हायची ती नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या परसात, वर्षातून एकदा.

2022 सालच्या नाताळात मी परस मोठ्या हौसेने सजवले. शेवंतीच्या आणि झेंडूच्या वाफ्यांना सकाळीच भरपूर पाणी दिले, झाडांची पाने धुतली. पाहुण्यांना सारे टवटवीत दिसावे एवढाच हेतू. मामांची खुर्ची मुद्दाम वाफ्याच्या कडेला मांडली, म्हणजे त्यांना फुले जवळून दिसतील. खुर्ची प्लॅस्टिकची, हलकी. मामा बसले, हातातले ताट सावरण्यासाठी किंचित पुढे वाकले, आणि खुर्चीचा पुढचा एक पाय ओल्या मातीत चार बोटे खचला. कोणी उठण्याच्या आत मामा खाली आले होते. उजव्या हाताचे मनगट मोडले. त्या वेळी त्यांचे वय 80 होते.

हाड यथावकाश जुळले. पण पुढच्या वर्षी निमंत्रण केले तेव्हा मामा "पाहू" म्हणाले, आणि आले नाहीत. त्यांच्या मनात राग नव्हता. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पडण्याची जी भीती असते, ती होती, आणि चारचौघांत पडल्याची लाजही असावी. आई यावर एक शब्द बोलली नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर ती फोन घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसली, आणि बराच वेळ तिकडून फक्त तिच्याच हुंकारांचा आवाज येत राहिला. मला तो ऐकवेना.

मग मी शिक्षकाच्या सवयीने हिशेब मांडावयास बसले. असे का झाले? खुर्चीवर बसलेल्या माणसाचा सारा भार चार पायांवर, म्हणजे एखाद्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चार जागांवर येतो. भुसभुशीत माती, त्यात पाणी मुरलेले; ती हा भार पेलणार कशी? जी माती झेंडूला उत्तम, ती खुर्चीला वाईट. हे कळण्यास काही विद्वत्ता लागत नाही. पण मला ते सुचले नव्हते, कारण मी यजमानीण होते आणि यजमानीण दिवसभर उभी असते. परस मी उभ्याने पाहिले होते. बसून कसे दिसते, कसे लागते, ऊन कोठे येते, हे मी कधी पाहिलेच नव्हते. म्हणून माझी पहिली सूचना ही, की पाहुणे यावयाच्या महिनाभर आधी, ज्या वेळी ते येणार त्याच वेळी, परसात खुर्ची टाकून स्वतः पाव तास बसावे. तीन-चार ठिकाणी बसावे. मी बसले तेव्हा मला प्रथमच कळले, की माझी लाडकी जागा थेट शेजाऱ्यांच्या न्हाणीच्या धुराड्यासमोर आहे!

जमीन सुधारली पाहिजे हे ठरले. सिमेंट ओतून टाका, असा सल्ला बहुतेकांनी दिला. तो मी मानला नाही. आंब्याच्या मुळांना पाणी आणि हवा मिळाली पाहिजे; शिवाय सिमेंटचे अंगण उन्हात तापते आणि शेवाळ धरले की पावसाळ्यात निसरडे होते. मग मला खळ्याची आठवण झाली. मामांनी सारा जन्म भाताची शेती केली. 2024 सालच्या जूनमध्ये मी त्यांना फोन केला. नाताळचे बोलावणे केले असते, तर पुन्हा "पाहू" ऐकावे लागले असते. मी नुसते विचारले, "मामा, खळे कसे करतात?"

"अगं पोरी, आता पावसात खळे?" मामा हसले. "पाऊस जाऊ दे. दिवाळी होऊ दे. मग विचार."

मी दिवाळीनंतर विचारले, आणि त्यानंतर तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी मला त्यांचा फोन येऊ लागला. त्यांनी सांगितलेली रीत अशी. बसण्याची जेवढी जागा हवी तेवढीच आखावी. वरची भुसभुशीत माती चार इंच काढून ती वाफ्यांना घालावी, वाया घालवू नये. खाली राहिलेली जमीन उकरून सारखी करावी आणि तीवर मुरूम पसरावा. मात्र झाडाच्या बुंध्याभोवती हात लावू नये. तेथील माती काढली की मुळे उघडी पडतात. संध्याकाळी मुरमावर पाणी शिंपावे आणि सकाळी वाफसा आला की धुमसाने चोपावे. या वाफशातच सारी विद्या आहे. ओल अधिक असली तर माती धुमसाला चिकटून उचलली जाते. कमी असली तर नुसती धूळ उडते. मूठभर मुरूम हातात दाबावा; गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. असे शिंपणे आणि चोपणे पाच-सहा दिवस चालू ठेवावे. एका दिवसात जोर लावून केलेले चोपण वरवरचे होते, असे मामांचे म्हणणे, आणि ते मला मुलांच्या अभ्यासालाही लागू वाटते.

चोपतानाच उतार साधावा लागतो. दहा फुटांना इंच-सव्वा इंच पुरे. डोळ्यांना तो दिसत नाही, खुर्चीला जाणवत नाही, पण पाण्याला तो बरोबर समजतो. आमचा उतार केळींकडे दिला. शेवटी शेणाचे सारवण. शहरात आता शेण मिळविणे हेच मोठे काम झाले आहे. आमच्या दूधवाल्याने दोन पाट्या आणून दिल्या तेव्हा मी त्याचे आभार मानले, आणि तो माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहत राहिला.

जमिनीनंतर पायऱ्या. मागील दाराच्या दोन पायऱ्या, प्रत्येकी सात इंचांच्या. आपल्याला त्या पायऱ्या वाटतही नाहीत, पण काठी घेतलेल्या माणसाला दोन पायऱ्या म्हणजे दोन प्रश्न. तेथे उताराची वाट करावयाचे ठरले. तिचे गणित सोपे आहे. उंची एक फूट तर लांबी बारा फूट. त्याहून तीव्र उतार चाकाच्या खुर्चीला आणि अडखळत्या पायाला घातक. चौदा इंच उंचीला चौदा फूट वाट हवी. इतकी सरळ जागा नसल्यामुळे मध्ये सपाट चौथरा ठेवून ती वळवावी लागली. रुंदी साडेतीन फूट, आणि कडेला सुमारे 32 इंच उंचीवर धरावयास नळी. गवंड्याने दोरी लावली, आणि ती दोरी नेमकी आईच्या जुईवरून गेली.

हे होणार असे मला पावसाळ्यातच दिसले होते. म्हणून जुलैमध्ये जुईच्या दोन लवचिक फांद्या वाकवून, मधला भाग मातीत दाबून, वर दगड ठेवला होता. याला दाब कलम म्हणतात. पावसाच्या ओलीत जुईची फांदी अशी सहज मुळे धरते, आणि मुळे धरली की ती मूळ झाडापासून तोडून वेगळी करता येते. ऑक्टोबरअखेर दोन्ही कलमे तयार होती. तरीही आईला विचारण्याचे धैर्य होईना. शेवटी विचारलेच. आई थोडा वेळ दोरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दादा याच वाटेने उतरणार ना? मग काढ."

आता सावलीविषयी. शाळेत मी मुलांकडून मैदानात काठी रोवून सावली मोजवून घेते. त्याचा घरी उपयोग होईल असे कधी वाटले नव्हते. बेळगावात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की दहा फूट उंच खांबाची सावली उत्तरेला आठ फुटांहून थोडी अधिक पडते. म्हणजे मे महिन्यातील मेजवानीसाठी बांधलेला मांडव नाताळात पाहुण्यांना सावली देईलच असे नाही. छप्पर एकीकडे आणि सावली दुसरीकडे. आमचा आंबा दक्षिणेला असल्याने हिवाळ्यात त्याची सावली आपणहून परसात येते. मी तिच्या कडा रांगोळीने आखल्या आणि राहिलेल्या भागापुरता माडाच्या झापांचा लहानसा मांडव घातला. हल्ली हिरवी जाळी बांधण्याची चाल पडली आहे. ती स्वस्त असेल. पण तिच्याखाली माणसांचे चेहरे आजारी दिसतात आणि पांढरा भातही हिरवट दिसतो. माडाचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या पंधरा दिवस आधी उतरवून घेतल्या. फळांनी भरलेल्या माडाखाली पाहुणा बसवू नये, हे सांगावयास नकोच. तरी किती घरी बसवितात!

डासांची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी, आणि तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालची थाळी, करवंटी, जुना डबा, एवढे तर सर्वांना ठाऊक असते. आमच्या घरी ते सापडले मांडवाच्या वेळूत! कापलेल्या वेळूचे वरचे तोंड उघडे राहते आणि पोकळीत पाणी साठते. ती तोंडे चिखलाने बुजविली. थाळ्या नुसत्या उपड्या करून भागत नाही. अंडी कोरड्या कडेलाही चिकटून महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणून आठवड्यातून एकदा थाळी घासावी लागते. पाहुण्यांच्या दिवशी मी दोन टेबल-पंखे बाहेर आणून ठेवले. डास वाऱ्यापुढे टिकत नाही. कडुनिंबाचा धूर करण्याचा मोह मी टाळला, कारण धुराने मामांना खोकला येतो. पंख्यांची तार मात्र जमिनीवरून नेऊ नये; पाय अडकतो, आणि ओल लागली तर जीवावर बेतते. आम्ही ती भिंतीवरून, उंचावरून नेली.

फुलांविषयी थोडेच सांगते, कारण त्यांच्या नादानेच माझी फसगत झाली होती. झेंडूला बी टाकल्यापासून फुलास साधारण दोन महिने लागतात. दसऱ्याच्या सुमारास पेरले तर नाताळ साधतो. वाफे आता कुंपणाशी नेले आहेत आणि पाणी आदल्या सकाळी देतो. पॉइन्सेटियाची एक गंमत सांगते. त्याची लाल फुले म्हणून आपण ज्यांना नावाजतो ती खरे म्हणजे पाने, आणि ती लाल होण्यास लांब, अखंड काळोख्या रात्री लागतात. आमच्या कुंपणापलीकडे रस्त्यावरचा दिवा आहे. त्याच्या उजेडातली कुंडी नाताळ आला तरी हिरवीच, आणि भिंतीआडची लालभडक. दोन वर्षे मी त्या बिचाऱ्या झाडाला खत घालीत होते! कण्हेर आणि बिट्टी ही दोन्ही झाडे विषारी आहेत. मुले खेळणार असतील तेथे ती नसावीत. आमच्या कुंपणातली बिट्टी मी काढून टाकली.

हात धुण्याची जागाही हलवावी लागली. पूर्वी ती पंगतीच्या वाटेवर होती आणि जेवणे होईपर्यंत तेथे चिखल होई. आता ती केळींपाशी आहे. खुर्च्यांचे म्हणाल, तर वृद्धांसाठी दिवाणखान्यातल्या लाकडी, हातांच्या खुर्च्या बाहेर काढल्या. बैठक जमिनीपासून दीड फूट हवी. खोल, सैल खुर्चीत म्हातारा माणूस सुखाने बसतो, पण उठताना त्याला दोघांचे हात मागावे लागतात, आणि ते मागणे त्याला आवडत नाही. बेळगावात डिसेंबरच्या रात्री पारा 14-15 अंशांपर्यंत उतरतो, आणि सूर्य मावळतो सहाच्या सुमारास. म्हणून आम्ही जेवण दुपारचे ठेवले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामांनी फोनवर विचारले, "पाणी ओतून पाहिलेस का? कुठे थांबते?" मी म्हटले, "मामा, मला कळत नाही. तुम्हीच येऊन पाहा." पलीकडे काही क्षण शांतता. मग ते म्हणाले, "नाताळच्या दुसऱ्या दिवशी गाडी मिळते का बघतो."

26 डिसेंबर 2024 रोजी सकाळी साडेअकराला मामा आले. नातवाचा हात त्यांनी दारातच सोडला. उताराच्या वाटेवर नळी धरून, एकेक पाऊल टाकीत खाली उतरले. खाली आल्यावर काठीने जमीन ठोकून पाहिली, एकदा, दोनदा, मग थोडे पुढे जाऊन पुन्हा. आई खुर्चीवर बसली होती. ती उठली नाही, बोलली नाही, नुसती पाहत होती. मामांनी बादलीभर पाणी मागविले आणि नातवाला ओतावयास सांगितले. पाणी केळींकडे वाहत गेले. आंब्याच्या बाजूला मात्र एका कोपऱ्यात ताटाएवढे थांबले.

"तिथे अर्धा इंच कमी आहे," मामा म्हणाले. "चोपणाऱ्याने कंटाळा केला."

चोपणारी मीच होते. मी काही बोलले नाही.

मग ते आईशेजारी बसले. कुलकुल आणि नेवऱ्या आल्या, खास मामांसाठी आणलेला कुंदा आला. जेवणे झाली, मुलांनी गोंधळ घातला, आणि दोघे भावंडे साडेचारपर्यंत तेथून हलली नाहीत. मध्येच मामांनी विचारले, "तुझी जुई गं?" आईने नळीच्या बुडाशी लावलेले कलम दाखविले. खानापूरची मूळ जुई जुने घर उतरविताना गेली, हे आम्हांला त्या दिवशी कळले. दुसरे कलम कुंडीत होते. जाताना आईने ते गोणपाटात बांधून भावाच्या मांडीवर ठेवले.

त्या कोपऱ्यात आम्ही 2025 सालच्या दिवाळीनंतर मुरूम घातला. मामा खुर्ची टाकून बाजूला बसले होते आणि धुमसाचा प्रत्येक ठोका मोजीत होते.